घरातल्या चार कॉम्प्युटरना सर्व्हरची ओएस कशाला?

या वेळी कोल्हापुरातून आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी आला आहे. घरात किंवा घराला लागून असलेल्या छोट्या ऑफिसात चार-सहा कॉम्प्युटर झाले की ‘सर्व्हर’ (सगळ्यांच्या फायली सांभाळणारा वेगळा कॉम्प्युटर) घ्यावा का, आणि घेतलाच तर त्यावर सर्व्हरचीच ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हवी का? निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. काहींनी नाव छापू नका असं कळवल्यामुळे सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

प्रश्न : घरात दोन लॅपटॉप, मुलाचा डेस्कटॉप, स्मार्ट टीव्ही, वायफाय प्रिंटर आणि सगळ्यांचे मोबाइल आहेत. फोटो आणि व्हिडिओ एका जागी ठेवावेत आणि ते सगळीकडून दिसावेत, एवढीच अपेक्षा. कॉम्प्युटर असेंबल करून देणारा म्हणतो, ‘साध्या विंडोजवर नेटवर्क नीट चालत नाही, विंडोज सर्व्हर टाकू.’ टाकावं का? – राजारामपुरी

उत्तर : टाकू नका. फोल्डर शेअर करायचं काम विंडोज ११ आणि विंडोज सर्व्हर एकाच पद्धतीने करतात, एसएमबी प्रोटोकॉलने. घरच्या वापरात वेगाचा फरक जाणवणार नाही. वेग ठरतो तो तुमच्या तारेवर आणि डिस्कवर. फरक आहे तो मर्यादेत आणि परवान्यात. विंडोज १० आणि ११ एका वेळी २० उपकरणांनाच शेअरवर येऊ देतात. तुमच्याकडे सगळं धरून आठ-दहा उपकरणं, त्यातला प्रिंटर तर शेअरकडे फिरकतही नाही. एक्सपी प्रोफेशनलच्या काळात ही मर्यादा १० होती आणि एक्सपी होममध्ये ५. ‘साध्या विंडोजवर चालत नाही’ हे तेव्हाचं बोलणं बहुधा अजून तोंडोतोंडी फिरतंय.

उलट सर्व्हरचा खर्च बघा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना कोअरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या गाभ्यांवर, मोजतात आणि किमान १६ कोअरचा घ्यावाच लागतो, तुमचा प्रोसेसर चार कोअरचा का असेना. शिवाय प्रत्येक वापरणाऱ्यासाठी किंवा प्रत्येक उपकरणासाठी ‘कॅल’ नावाचा वेगळा परवाना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मायक्रोसॉफ्टने खास घरासाठी विंडोज होम सर्व्हर २००७ मध्ये आणलं होतं, पण २०११ च्या आवृत्तीनंतर ते थांबलं आणि २०१६ मध्ये तिचे अपडेटही बंद झाले.

आहे त्या डेस्कटॉपवर काम भागवायचं तर असं करा. डेस्कटॉप राउटरला तारेने जोडा, वायफायने नको. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता कायम करा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, म्हणजे राउटर बंद-चालू झाला तरी शेअर हरवत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. स्लीप ‘नेव्हर’ ठेवा. मग ‘घर’ नावाचा स्थानिक यूजर तयार करा आणि त्याला पासवर्ड द्या. पिन देऊन भागत नाही. पिन त्या मशिनपुरता असतो, नेटवर्कवरून आत येताना खात्याचा पासवर्डच लागतो. ‘पिन बरोबर टाकतोय तरी घेत नाही’ असं म्हणणाऱ्यांचं घोडं इथे अडलेलं असतं.

फोल्डर शेअर करताना परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, एक ‘शेअरिंग’च्या पानावर आणि दुसरी ‘सिक्युरिटी’च्या पानावर. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’ दिलं आणि सिक्युरिटीत ‘घर’ हा यूजर घातलाच नाही, तर फोल्डर दिसेल पण उघडणार नाही. टीव्ही अँड्रॉइडचा असेल तर त्यावर व्हीएलसी टाका, ते एसएमबी शेअर थेट वाचतं.

खरी अडचण वेगळीच आहे. मुलाने गेम संपवून मशिन बंद केलं की घरभर फोटो गायब. तेव्हा ओएस कोणती हे नंतर बघा. आधी एवढं ठरवा की समोर कुणी बसलेलं नसताना हे मशिन चालू राहायला हवं का. हवं असेल तर ते कुणाच्या रोजच्या वापराचं नसावं, बस्स. त्यासाठी एक छोटा मिनी पीसी किंवा दोन डिस्कचं तयार नॅस (नेटवर्कला जोडायची डिस्कांची पेटी) पुरतं. नॅसमध्ये त्याची ओएस आधीच घातलेली असते, ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही.

प्रश्न : घराच्या खालच्या मजल्यावर ऑफिस आहे. सात पीसी. तीन जण टॅलीवर, चार जण कास्टिंगच्या ड्रॉइंगवर काम करतात. टॅलीचा डेटा एका पीसीवर शेअर केलाय, मधूनमधून ‘डेटा करप्ट’ होतो. सर्व्हर घेतल्यावर थांबेल का? – शिवाजी उद्यमनगर

उत्तर : सर्व्हरच्या ओएसने थांबेलच असं नाही, कारण दुखणं बहुतेक तिथे नाही. तीनपैकी एखादा टॅलीवाला पीसी वायफायवर आहे का, हे आधी बघा. टॅलीचा डेटा फाइलींच्या रूपात असतो. नोंद लिहिली जात असताना क्षणभर जोडणी तुटली की फाइल अर्धवट राहते. वायफायवर असं क्षणभराचं तुटणं रोजचंच, आणि ब्राउझरमध्ये ते कळतही नाही. मशिन शॉपच्या आसपास वेल्डिंग आणि मोटारी चालू असतील तर आणखी भर. म्हणून टॅलीचे तिन्ही पीसी तारेने एकाच गिगाबिट स्विचवर (तारांनी पीसी एकमेकांना जोडणारी डबी) आणा. डेटा ज्या पीसीवर आहे त्याचं स्लीप बंद करा, आणि त्या पीसीला व स्विचला, दोघांनाही यूपीएस द्या. स्विचला यूपीएस नसेल तर लाइट गेल्याबरोबर पीसी चालू पण तार मेलेली, म्हणजे परिणाम तोच.

एक गोष्ट तपासून घ्या. टॅलीप्राइमचा सिल्व्हर परवाना एका पीसीसाठी असतो, एकाच लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवर, अनेकांनी वापरायचं तर गोल्ड लागतो. आणि टॅली चालू असताना डेटा फोल्डर नुसता कॉपी करून ठेवला तर तो बॅकअप भरवशाचा नसतो. टॅली बंद करून कॉपी करा किंवा टॅलीतलाच बॅकअप वापरा.

आमचा सल्ला : विंडोज ११ प्रो घातलेला एक साधा पीसी फक्त डेटासाठी वेगळा ठेवा. त्यावर कुणी बसायचं नाही, ब्राउझर उघडायचा नाही. सात पीसींना २० ची मर्यादा भरपूर झाली.

विंडोज सर्व्हर कधी घ्यावं, तेही सांगतो. सगळ्या पीसींवर एकाच जागेवरून लॉगिन आणि नियम लावायचे असतील, म्हणजे डोमेन हवं असेल, तेव्हा. किंवा चार जणांनी एकाच मशिनवर एकाच वेळी रिमोट डेस्कटॉपने काम करायचं असेल, तेव्हा. विंडोज प्रो एका वेळी एकालाच आत घेतं, दुसरा आला की पहिला बाहेर. सर्व्हरवर हे जमतं, पण त्याचे रिमोट डेस्कटॉपचे कॅल आणखी वेगळे. डोमेन घेतलंत तर एक जबाबदारी गळ्यात पडते, ती कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. पीसींना डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) त्या सर्व्हरचाच द्यावा लागतो. ‘नेट बंद पडायला नको’ म्हणून कुणी दुसऱ्या रकान्यात गूगलचा डीएनएस ८.८.८.८ भरला, की लॉगिन कधी झटकन, कधी पाच मिनिटांनी, कधी नाहीच. आणि राउटरचं डीएचसीपी (पीसींना पत्ते वाटणारी सोय) चालू ठेवून सर्व्हरवरही चालू केलं, तर पीसी पहिल्यांदा जो उत्तर देईल त्याचा पत्ता घेतात. सोमवारी चालणारा प्रिंटर मंगळवारी सापडत नाही तो यामुळे. सात पीसींसाठी हे सांभाळणारा माणूस तुमच्याकडे आहे का, त्यावर ठरवा.

प्रश्न : विंडोज सर्व्हरची ‘फुल व्हर्जन’ पेनड्राइव्हवर पाचशे रुपयांत मिळते. घरापुरती वापरायला काय हरकत? – कळंबा

उत्तर : त्या पेनड्राइव्हवर ओएसबरोबर आणखी काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि सगळ्या घराच्या फायली तुम्ही त्याच्याच हवाली करणार. शिकण्यासाठी हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट १८० दिवसांची चाचणी आवृत्ती अधिकृतपणे फुकट देतं, ती घ्या. कायमचं फुकट हवं असेल तर लिनक्सचं डेबियन किंवा उबंटू सर्व्हर आहेच.

प्रश्न : लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. बाहेरच्या हार्ड डिस्कांचा ढीग झालाय, नऊ आहेत. जुना आय-५, ८ जीबी रॅमचा पीसी पडून आहे. त्यावर ट्रूनॅस (स्टोरेजसाठीची खास ओएस) टाकू की विंडोजच ठेवू? दोन पीसींवर एडिटिंग चालतं. – मंगळवार पेठ

उत्तर : आलेल्या पत्रांत स्टोरेजसाठी वेगळी ओएस खरोखर कामाची ठरेल असं तुमचंच पत्र. कारण तुमचा माल मोठा आहे आणि तो परत काढता येत नाही. नवरा-नवरी पुन्हा सप्तपदी घालणार नाहीत.

आकडे आधी. २५ ते ३० एमबीच्या तीन हजार रॉ फायली म्हणजे ७५ ते ९० जीबी. १०० एमबीपीएसने (सेकंदाला मेगाबिट, आठ बिट म्हणजे एक बाइट) चित्रित केलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी. एक लग्न दोनशे जीबीला सहज टेकतं. गिगाबिट तारेवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे दोनशे जीबीला अर्धा तास. तीच तार १०० एमबीपीएसवर अडकली तर सुमारे पाच तास. ती का अडकते? गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एक तार जॅकमध्ये नीट बसली नसेल तर जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते, कुठलाही एरर येत नाही. बाजारात स्वस्त मिळणारी केबल पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. लांब अंतरावर आणि वारंवार वाकवल्यावर ती दगा देते. निखळ तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ मागून घ्या. इंटरनेटवाल्याने बसवलेल्या राउटरचे काही पोर्ट मुळातच १०० चे असतात, त्यामुळे दोन्ही पीसी आणि स्टोरेज पाच पोर्टच्या वेगळ्या गिगाबिट स्विचवर ठेवा. स्विचमधून एक तार राउटरला.

आता ओएस. ट्रूनॅस झेडएफएस ही फाइल पद्धत वापरतं. प्रत्येक तुकड्याची बेरीज-खूण ती जपून ठेवते, आणि डिस्कने हळूच चुकीचा बाइट परत दिला तर ओळखते. डिस्कची जोडी असेल तर दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्तही करते. ८ जीबी रॅम ही ट्रूनॅसची किमान गरज, म्हणजे काठावर पास. १६ करा, झेडएफएस उरलेली रॅम कॅशला वापरतं. ओएससाठी वेगळी छोटी एसएसडी लागते, त्या एसएसडीवर डेटा ठेवता येत नाही. डेटासाठी सारख्या मापाच्या दोन डिस्क, समजा ८ टीबीच्या, मिररमध्ये (दोन्हींवर तोच माल) लावा. वापरायला ८ टीबीच मिळतील, आणि त्याही ८० टक्क्यांच्या वर भरू नका.

डिस्क घेताना ‘सीएमआर’ आहे का, ते विचारा. ‘एसएमआर’ डिस्क स्वस्त असतात आणि सुरुवातीला छान चालतात. पण एक डिस्क मेली आणि दुसरीवरून नवी भरायची वेळ आली की सलग लिहिताना त्यांचा दम जातो. नेमकं त्याच वेळी तुमच्याकडे एकच प्रत उरलेली असते. त्या नऊ डिस्क यूएसबीने जोडून ट्रूनॅसला देऊ नका. यूएसबीची जोडणी क्षणभर सुटली तरी झेडएफएस त्या डिस्कला बाद धरतं. त्यांतला माल नव्या जोडीवर उतरवा आणि त्याच डिस्क पुढे कपाटातला बॅकअप म्हणून वापरा.

स्नॅपशॉट (फायलींची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) लावा : दर तासाचे दोन दिवस, रोजचे दोन आठवडे. एडिटिंगच्या पीसीत रॅन्समवेअर शिरलं तर ते शेअरवरच्या फायली कुलूपबंद करू शकतं, पण स्नॅपशॉटपर्यंत त्याचा हात पोचत नाही, अर्थात ट्रूनॅसचा ॲडमिन पासवर्ड त्याच पीसीच्या ब्राउझरमध्ये साठवला नसेल तर. महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ (सगळा डेटा वाचून खुणा ताडून बघणं) आणि आठवड्याला डिस्कची स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतःची तब्येत तपासणं), दोन्ही रात्रीच्या वेळेवर लावून टाका. चालू एडिटिंग पीसीच्या एसएसडीवरच करा, संपलेलं काम स्टोरेजवर ढकला.

१६ जीबी रॅम घालायची नसेल तर ओपनमीडियाव्हॉल्ट बघा. ते डेबियनवर बसवलेलं आहे आणि १ जीबी रॅमवरही धावतं. खुणांची वरची सोय साध्या ईएक्सटी-४ (लिनक्सची नेहमीची फाइल पद्धत) डिस्कवर मिळणार नाही, तेवढा फरक. आणि मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो.

प्रश्न : जुना पीसी चोवीस तास सर्व्हर म्हणून चालू ठेवला तर बिल किती वाढेल? इन्व्हर्टर आहे, वेगळा यूपीएस लागेल का? – फुलेवाडी

उत्तर : जुना डेस्कटॉप नुसता बसून साधारण ५० वॅट खातो. दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे हे ३६ युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर, म्हणजे तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात पडणार. तो दर सगळे आकार धरून १२ रुपये पडत असेल तर महिन्याला ४३२, वर्षाला पाच हजारांच्या पुढे. इंटेल एन१०० चा मिनी पीसी १० वॅटच्या आसपास बसून राहतो : महिन्याला ७ युनिट, ८६ रुपये. ‘फुकटचा’ जुना पीसी दोन-तीन वर्षांत नव्या मिनी पीसीची किंमत खाऊन बसतो. मोठ्या डिस्क लावल्या तर प्रत्येकी पाचेक वॅट आणखी धरा.

इन्व्हर्टरवर दोन खटके असतात. ‘यूपीएस’ मोडला तो सुमारे १० मिलिसेकंदांत पलटतो, बहुतेक पीसी तेवढं सोसतात. दुसऱ्या मोडला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या प्रतीचे पॉवर सप्लाय त्यावर कुरकुरतात, प्युअर साइन वेव्ह असावा. तरीही इन्व्हर्टर एक गोष्ट करत नाही : बॅटरी संपत आली हे सर्व्हरला सांगणं. त्यासाठी ६०० व्हीएचा पण यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या. स्वस्त मॉडेलांना तो पोर्ट नसतो, बॉक्स फिरवून बघा. लिनक्सवर ‘नट’ नावाची फुकट प्रणाली, ट्रूनॅस आणि ओपनमीडियाव्हॉल्टवर तिचीच सोय. बॅटरी निम्म्यावर आली की मशिन रीतसर बंद, असं लावा. बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘एसी पॉवर लॉस’नंतर ‘पॉवर ऑन’ ठेवा, म्हणजे लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप उठेल. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. ती बसल्याचं लाइट जाईपर्यंत कळत नाही, म्हणून सहा महिन्यांनी एकदा प्लग काढून बघाच.

प्रश्न : मुलगी पुण्यात शिकते. तिला घरच्या नॅसवरच्या फायली तिकडून उघडायच्या आहेत. पोर्ट फॉरवर्डिंग केलं (राउटरमध्ये बाहेरून आत यायची वाट उघडली), चालत नाही. यासाठी सर्व्हर ओएस लागते का? – कसबा बावडा

उत्तर : ओएसचा संबंध नाही. राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेटवाल्याने एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, मग तुम्ही पोर्ट कितीही उघडा. एक उपाय म्हणजे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घेणं. दुसरा म्हणजे नॅसवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकणं. ते आतून बाहेर जोडणी करतं, पोर्ट उघडावा लागत नाही आणि घरगुती वापराला फुकट आहे. आम्ही दुसराच सुचवू.

स्टॅटिक आयपी घेतलात तरी ४४५ आणि ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. पहिला फोल्डर शेअरिंगचा, दुसरा रिमोट डेस्कटॉपचा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं ते जुन्या एसएमबी-१ च्या छिद्रातूनच. मुलीला फायली हळू उघडतात असं वाटलं तर घरच्या जोडणीचा अपलोड वेग बघा, डाउनलोड नव्हे. तिचं डाउनलोड म्हणजे तुमचं अपलोड.

प्रश्न : विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यापासून जुनं नॅस उघडत नाही. झेरॉक्स मशिनवरून स्कॅन थेट फोल्डरमध्ये जायचं, तेही बंद झालं. – शाहू मार्केट यार्ड

उत्तर : २४एच२ पासून प्रो आवृत्तीत दोन गोष्टी बदलल्या. पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून शेअरवर जाणं बंद झालं, आणि एसएमबीच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही सक्तीची झाली. नॅसवर यूजर आणि पासवर्ड तयार करा, त्याचं फर्मवेअर अपडेट करा, एसएमबी २ किंवा ३ चालू करा. बहुतेक नॅस एवढ्यावर उघडतात. स्कॅनर मात्र फक्त एसएमबी-१ बोलणारा असेल तर त्याच्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी-१ पुन्हा चालू करू नका. मशिनला एफटीपी (फायली पाठवायची दुसरी पद्धत) येत असेल तर नॅसवर एफटीपी फक्त एका ‘स्कॅन’ फोल्डरपुरतं उघडा. तेही नसेल तर पेनड्राइव्ह.

प्रश्न : घरातला सर्व्हर नक्की कुठे ठेवावा? जिन्याखाली जागा आहे. – शाहूपुरी

उत्तर : शाहूपुरीत जिन्याखाली नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, ते तुमच्या गल्लीतल्या भिंतींना विचारा. वरच्या मजल्यावर, हवा खेळेल अशा जागी, स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब ठेवा. जुन्या वाड्याच्या दगडी भिंती वायफाय खातात, म्हणून राउटरपासून तार कुठून येईल हे आधी बघून मग जागा ठरवा.

आणि एक प्रत घराबाहेर हवीच. महिन्याला अदलाबदल करायच्या दोन यूएसबी डिस्क, त्यांतली एक पुराचं पाणी न येणाऱ्या भागातल्या नातेवाइकांकडे, हा सगळ्यात सोपा मार्ग. डिस्कला पासवर्डचं एन्क्रिप्शन लावा, म्हणजे पाव्हण्यांच्या कपाटात ठेवायला संकोच नको. इंटरनेटवरून पाठवायचं तर पहिली खेप मोठी असते : ५० एमबीपीएस अपलोडवर ५०० जीबीला सुमारे २२ तास सलग. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ ला टेकल्याची बातमी आली की शेवटचा बॅकअप घ्या, सर्व्हर रीतसर बंद करा, आणि डिस्क काढून पिशवीत घाला. मशिन पुन्हा घेता येतं.